पहिल्या पंगतीत आई

माझ्या फ्रेंचला तेलुगू हेल आहे. उभी हयात कॉलेजात ही भाषा शिकवण्यात गेली, तरी तो गेला नाही, आणि आता तो जावा अशी माझी इच्छाही नाही. वर्गातली पोरं माझ्या पाठीमागं माझी नक्कल करायची. मी फळ्याकडं तोंड करून ती ऐकायची आणि मनातल्या मनात म्हणायची, करा बाबांनो, ही नक्कल माझी नाहीच, ती सूर्यनारायण सरांची आहे. मला फ्रेंच शिकवणारे हे सर मूळचे यानमचे. गोदावरीच्या मुखाशी हे चिमुकलं गाव, चहूबाजूंनी इंग्रजांचा मुलूख आणि मधोमध फ्रेंचांचं राज्य, म्हणजे परातभर भातात तुपाची वाटी करावी तसं. तिथल्या फ्रेंच शाळेत सर शिकले. दर जुलैत क्रांतीचा दिवस आला की तिथली तेलुगू पोरं उन्हात ओळीनं उभी राहून फ्रेंच राष्ट्रगीत म्हणायची आणि मग लाडू खायची. “किताब में लिखा रहता था, हमारे पूर्वज गॉल लोग, सुनहरे बाल वाले,” असं सर सांगायचे आणि स्वतःच्या काळ्याभोर डोक्यावरून हात फिरवायचे. “हम सब काले पिल्ले जोर से पढ़ते थे, अम्मा. एक ने भी नहीं पूछा, किसके पूर्वज.”

हिमायतनगरात एका इराणी हॉटेलाच्या वरच्या मजल्यावर आमच्या तीन खोल्या होत्या. पहाटे खालच्या भट्टीतून बिस्किटांचा खारट-गोड वास जिना चढून वर यायचा आणि त्यापाठोपाठ कपबश्यांचा खळखळाट. तो रात्री दुकान बंद होईपर्यंत थांबायचा नाही. सुट्टीत आम्ही कुठं गावाला गेलो की तिथल्या शांततेत मला झोपच लागायची नाही. आमचे अण्णा उदगीरकडच्या शेतकरी घरातले. शिकायला म्हणून हैदराबादेत आले, उर्दूत शिकले, आणि नामपल्लीत कापडाचं दुकान टाकून इथलेच झाले. घरी मराठी, दुकानात दखनी, आणि रागावले की दोन्हींची खिचडी. आई बाजारापुरती दखनी आणि भाजीवालीपुरती तेलुगू बोलायची, पण चुलीपाशी तिची मराठवाडी बोली जशीच्या तशी होती. अंबाडीची भाजी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची भाकरी असा आमचा स्वयंपाक, आणि त्यात शेजाऱ्यांकडून शिकलेलं चिंचेचं सार. ते सार आई करायला लागली की खालच्या हॉटेलाचा मालक सहज म्हणून जिन्यात येऊन उभा राहायचा.

पण ही एवढी सुगरण बाई जेवताना कशी दिसते, हे मला सांगता आलं नसतं. आमच्याकडं आधी अण्णा आणि कुणी आलं-गेलं असेल ते बसायचे, मग मी, आणि सगळ्यांचं आटोपल्यावर आई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून, पातेल्यातच भात कालवून खायची. त्यात तिला काही दुःख होतं असं नाही. गुणगुणत खायची, मजेत असायची. तिच्या आईनं तसंच केलं होतं आणि जगातल्या सगळ्या बायका तसंच करतात अशी तिची समजूत होती. मीही तेव्हा याचा विचार केला नव्हता. माझ्या नातीला मी हे सांगितलं तेव्हा ती फोनमधून मान वर करून म्हणाली, “आज्जी, धिस इज सो सॅड.” तिला मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, म्हणून हे प्रकरण मीच तिला वाचून दाखवणार आहे. तेव्हा तिला कळेल की ही रडायची गोष्ट नाही.

कॉलेजात फ्रेंच मी घेतलं ते मार्क चांगले पडतात म्हणून. सरांच्या घरी संध्याकाळच्या शिकवणीला जायला लागले आणि मार्कांचं विसरून गेले. सर खडूनं टेबल बडवत ‘स्वातंत्र्य, समता, बंधुता’ असं काही म्हणायचे की आपण आत्ताच उठून कुणाचा तरी राजवाडा पाडायला निघालोय असं वाटावं. पुढं मी स्वतः शिकवायला लागल्यावर मला कळलं, की एवढी क्रांती करून त्या देशानं बायकांना मताचा हक्क दिला तो दुसरं महायुद्ध सरत आल्यावर. तोपर्यंत समता बहुधा दिवाणखान्यातच बसून होती. हे सरांनी सांगितलं नव्हतं, कारण त्यांना त्यात काही खटकलंच नसावं. त्यांची स्वतःची बायको आम्हाला कॉफी द्यायची ती पडद्याआडून हात बाहेर काढून. तिचा चेहरा मी शिकवणीला जायला लागल्यावर कितीतरी दिवसांनी पाहिला.

शिकवणीचं दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा सरांनी ती बातमी आणली. शहराबाहेरच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेले एक फ्रेंच इंजिनियर आता बायकामुलांसह आपल्या गावी, लियोंला, परत चालले होते. त्यांना वर्षभरासाठी एक मुलगी हवी होती. सकाळी त्यांची दोन लहान मुलं सांभाळायची, दुपारी तिथल्या विद्यापीठात शिकायचं, राहणं-खाणं त्यांच्याकडं. सरांनी माझं नाव सांगून टाकलं होतं. मी जिना चढत घरी आले ती पायऱ्या न मोजता, न बघता. माझं वय अठरा होतं आणि मला त्याआधी कुठलीच गोष्ट एवढी हवीशी वाटली नव्हती.

अण्णा नाही म्हणाले नाहीत. कापडवाले ते, गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हणायची सवय नव्हती. ते म्हणाले, “माणूस पंगतीत कळतो. रविवारी जेवायला बोलाव त्यांना. बघू कशी माणसं हायेत.” खरी अडचण आईची होती. दोन दिवस गेले. मग भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता म्हणाली, “दुसऱ्याची पोरं सांभाळायची म्हणजे मोलकरीणच की. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायचं. परक्या मुलखात तुला ‘जेव बाई’ म्हणून कोण म्हणणार?” मी तिला विद्यापीठ सांगितलं, पदवी सांगितली. तिनं भाकरी उलटली. “पदवी पोटात जाती का?” म्हणाली. आईनं एकदा मनात घेतलं की अण्णांचंही काही चालायचं नाही, हे मला माहीत होतं. त्यामुळं रविवारचं ते जेवण अण्णांच्या परीक्षेसाठी होतं असं म्हणायचं, पण मी धास्तावले होते ते आईच्या निकालाला.

सर आदल्या दिवशी आम्हाला शिकवायला आले. आमच्याकडं पाटावर बसायची पद्धत, म्हणून अण्णांनी दुकानातलं कापड बेतायचं लांब टेबल वर चढवलं होतं. त्यावर पांढरा लठ्ठा अंथरला आणि खालच्या हॉटेलातून सहा खुर्च्या आणल्या. सरांनी टेबलाच्या टोकाला उभं राहून सगळे नियम सांगितले. ते लोक सगळं एकदम वाढून घेत नाहीत, एकेक पदार्थ येतो आणि जातो. पाव सुरीनं कापायचा नाही, हातानं मोडायचा आणि ताटाबाहेर, कापडावरच ठेवायचा. दोन्ही हात टेबलावर दिसले पाहिजेत, मांडीवर ठेवणं वाईट. “डावा पण?” आईनं दारातून विचारलं. “डावा भी, अम्मा.” आईनं कपाळाला हात लावला. गोडाच्या आधी चीज लागतं, असंही सर म्हणाले. चीज म्हणजे काय ते त्यांनी बराच वेळ समजावल्यावर अण्णा म्हणाले, “म्हणजे बिघडलेलं दहीच की. आपण चांगलं दही ठेवू.” आणि जेवताना हे लोक मोठमोठ्यानं वाद घालतात, ते भांडण नसतं, तो पाहुणचार असतो, हे ऐकून तर अण्णांना त्यांच्याबद्दल आपुलकीच वाटायला लागली. “हे आपलेच लोक हायेत मग,” म्हणाले.

आईनं ठरवलं ते असं. आधी काकडीची कोशिंबीर, एकटी. मग चिंचेचं सार, एकटं. मग भरली वांगी आणि गरम पुऱ्या, मग दही, मग पुरणपोळी. कोशिंबीर एकटी वाढायची ही कल्पना तिला अगदी अभद्र वाटत होती. “ताटात एकटी कोशिंबीर म्हणजे कुणी रुसून उठून गेल्यावानी दिसतंय,” म्हणाली. तरी केली.

मादाम क्लेर आणि त्यांचे यजमान, म्हणजे ते इंजिनियर, वेळेवर आले. ती उंच, नाकावर उन्हाचे ठिपके असलेली, हसरी बाई होती. यजमान ठेंगणे होते आणि जिन्यातल्या बिस्किटांच्या वासानं आधीच खूश झाले होते. नमस्कार झाले. मादामनी आईच्या दोन्ही गालांना गाल लावले, तशी आई लाजून स्वयंपाकघरात गेली ती ओगराळं हातात घेऊनच बाहेर आली. आम्ही पाच जण बसलो, सहावी खुर्ची मोकळी राहिली. आईनं ताटलीत कोशिंबीर वाढली, बाजूला पाव ठेवला आणि आपल्या नेहमीच्या जागी, दाराला पाठ लावून उभी राहिली.

कुणीच जेवेना. मादाम दोन्ही हात टेबलावर ठेवून हसत बसल्या होत्या. यजमानही तसेच. अण्णा पाहुण्यांनी सुरुवात करायची वाट बघत होते, सर अण्णांची आणि मी सगळ्यांची. “प्लीज, प्लीज,” अण्णा म्हणाले. “यस, यस, थँक यू,” यजमान म्हणाले आणि हात तसेच ठेवले. कोशिंबिरीला पाणी सुटायला लागलं. आईला वाटलं एकटी कोशिंबीर बघून त्यांचा विरस झाला असेल, म्हणून तिनं नियम मोडून सारसुद्धा वाढलं. त्याची वाफ सगळ्यांच्या तोंडासमोरून वर गेली आणि हळूहळू बंद झाली. तरी कुणी चमच्याला हात लावला नाही. “ह्यांना आपल्या हातचं चालत नाही का काय?” आई मला हळूच म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उतरला की मला लियोंचं सगळं तिथंच संपल्यासारखं वाटलं. न जेवता उठलेल्या पाहुण्यांच्या घरी तिनं मला पाठवलंच नसतं. पाठवायलाही नको होतं.

शेवटी मी धीर करून मादामना विचारलं, काही चुकलं का. त्यांना आश्चर्यच वाटलं. “छे. आम्ही तुझ्या आईसाठी थांबलोय,” त्या म्हणाल्या, “त्या बसल्या की सुरू करू.”

मी आईला सांगितलं. “माझ्यासाठी? मला काय झालंय?” आई म्हणाली. “मी जेवते मागून. सांग त्यांना, जेवा म्हणावं, गार व्हायलंय.” मी सांगितलं. मादामनी फार गोड आवाजात उत्तर दिलं, की ते कसं शक्य आहे. घरच्या बाईनं पहिला घास घेतल्याशिवाय पाहुण्यानं चमचा उचलायचा नसतो. आपल्या आईला हे कळलं तर ती लियोंहून हैदराबादला रागवायला येईल.

हे ऐकून आई ठामपणे म्हणाली, “तिला म्हणावं, पाहुण्याच्या आधी घरची बाई जेवली तर माझी आई वरून खाली येईल.”

मी दोन्ही आयांचे निरोप पोचवले. दोन बायका एकमेकींकडं मोठ्या प्रेमानं बघत होत्या आणि दोघींपैकी कुणी हटणार नव्हती. मी सरांकडं बघितलं. त्यांचा चेहरा पडला होता. “ये मेरे कू मालूमच नहीं था, अम्मा,” ते आईला म्हणाले. “हमारे घर में साहब लोग आते थे तो औरतां अंदरीच रहते थे. साहब खाते थे, हम देखते थे.” एवढे नियम सरांना पाठ, पण हा एक नियम त्यांना दिसण्यासारखा त्यांच्या घरात कधी घडलाच नव्हता.

“अगं बस की मग,” अण्णा म्हणाले.

“बसते. अन् वाढणार कोण?” आई म्हणाली.

आमच्या घरात हा प्रश्न त्याआधी कधी निघालाच नव्हता. खाली हॉटेलात कुणीतरी चहाची ऑर्डर ओरडून दिली. अण्णा उठले, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि आईच्या हातातलं ओगराळं काढून घेतलं. “मी,” म्हणाले.

आई बसली. खुर्चीच्या अगदी कडेवर, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, फोटो काढायला बसल्यासारखी. चमचा बाजूला सारून तिनं बोटांनी चिमूटभर कोशिंबीर उचलली. चारही जण तिच्या हाताकडं बघत होते. तिनं घास तोंडात घातला, चावला आणि म्हणाली, “मीठ कमी पडलंय.” मी ते जसंच्या तसं फ्रेंचमध्ये सांगितलं, आणि मादाम इतक्या मनापासून हसल्या की सगळे एकदम जेवायला लागले. यजमानांनी आईचं बघून चमचा ठेवला आणि बोटांनी सुरुवात केली.

त्यानंतरचा तासभर आठवला की मला आजही बसल्या जागी हसू येतं. अण्णांनी वाढलं ते दुकानात माल दाखवतात तसं. वांग्याचं पातेलं प्रत्येकाच्या नाकासमोर धरून, “देखो तो सही, देखने में क्या है, पसंद नहीं आया तो वापस,” असं म्हणत. पुऱ्याही आपणच तळणार म्हणून हट्ट धरला. आई खुर्चीतून ओरडत होती, “स्टोव्हची आच कमी करा,” आणि आतून अण्णा विचारत होते, “कमी कुणीकडं फिरवायची?” धुरानं सर खोकायला लागले. इकडं मादाम आणि यजमान यांची जुंपली होती. लियोंचं जेवण सगळ्या फ्रान्सात श्रेष्ठ, असं मादामचं म्हणणं, आणि यजमान समुद्राकडच्या गावचे, त्यांना ते मुळीच मान्य नव्हतं. दोघांनी टेबलावर हात आपटले. अण्णा झारा घेऊन बाहेर आले, भांडण कशावरून ते माझ्याकडून समजून घेतलं आणि उदगीरच्या बाजूनं त्यात उतरले.

पहिली पुरी आली ती पापडासारखी चपटी. अण्णांनी ती आईच्या ताटात टाकली. आईनं तुकडा मोडला, वांग्याच्या रश्शाला लावला आणि खाल्ला. मग ती थांबली. हातातल्या तुकड्याकडं बघत, कुणालाच उद्देशून नाही, ती म्हणाली, “कढईतून थेट ताटात अशी लागती व्हय पुरी.” एवढ्या वर्षांत किती पुऱ्या तिनं तळल्या असतील. मादाम माझ्याकडं बघायला लागल्या, आई काय म्हणाली म्हणून. मला ते वाक्य सांगता आलं नाही. मी नुसतं आईच्या ताटातल्या पुरीकडं बोट दाखवलं. त्या घरात मी त्याहून आनंदात कधी बसले नव्हते.

आईनं तो घास संपवला आणि माझ्याकडं वळली. “तिला विचार,” म्हणाली, “तिच्या घरी तू कुठं जेवणार?”

स्वतःबद्दलचा प्रश्न स्वतःच विचारताना माझा आवाज चिरकला. मादामना प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा विचारलं. “कुठं म्हणजे?” त्या म्हणाल्या. “टेबलावर. आमच्यासोबत.”

“अन् हिनं रांधलं असलं तर?” आईनं विचारलं.

“हिनं रांधलं तर आम्ही हिच्यासाठी थांबू,” मादाम म्हणाल्या. “आज थांबलो तसंच.”

मी ते आईला सांगितलं. आई काही वेळ मादामकडं बघत राहिली. हिशेबी नजर नव्हती ती. जिथं मुलगी द्यायची त्या घरात एखादी आई जशी चूल, विहीर, अंगण सगळं बघून घेते, तशी होती. अण्णा दारात उभे होते, झाऱ्यातून तेल ठिबकत होतं आणि त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. सरांनी डोळे मिटून घेतले होते.

“जाऊ द्या पोरीला,” आई अण्णांना म्हणाली. “ही हात धुऊन बसल्याबिगर तिथं कुणी घास घेत नाही. माझी पोर तिथं उपाशी राहायची नाही.”

अण्णा काहीतरी बोलायला गेले. आईनं रिकामं ताट त्यांच्यापुढं धरलं.

“अन् अजून एक पुरी आणा. गरम.”

अण्णा आत गेले आणि घेऊन आले. तीही फुगली नव्हती. आईनं ती सगळ्यांच्या देखत, सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.